छातीत उतरलेली गाठ

गळ्याचा पेशंट खोलीत आला की आप्पा डॉक्टर आधी त्याच्या गळ्याकडे बघायचेच नाहीत. त्याला भिंतीला पाठ लावून उभं करायचे आणि म्हणायचे, "दोन्ही हात वर करा. कानाला लावून. पोलिसानं धरल्यागत."

पेशंट हसायचा आणि हात वर करायचा. आप्पा खुर्चीत बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. बहुतेकांचं तोंड होतं तसंच राहायचं. पण एखाद्याचं बघता बघता लाल व्हायचं, मग जांभळं पडायचं, कपाळावरच्या शिरा फुगायच्या आणि माणूस घाबरून हात खाली टाकायचा. मग आप्पा उठून त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवायचे आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणायचे, "सिस्टरआक्का, ही खाली उतरलीय."

खाली म्हणजे छातीत. गलगंडाची गाठ बहुतेकांच्या गळ्यावर बाहेर वाढते, चारचौघांना दिसते, माणूस उपरण्यानं नाहीतर पदरानं ती झाकत फिरतो. काहींची मात्र खाली सरकते. छातीच्या हाडामागे उतरते आणि तिथं श्वासनळी दाबत बसते. वरून बघावं तर लिंबाएवढी सूज, आत रताळ्याएवढी गाठ. असा माणूस आडवा होऊ शकत नाही. भिंतीला टेकून, पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपतो. हात वर केले की आतली जागा आणखी आवळते आणि रक्त तोंडातच अडकतं.

ही परीक्षा आप्पांना कुणी शिकवली नव्हती. बेळगावात, विणकरांच्या खासबागेत एका घरी ते ताप बघायला गेले होते. अंगणात एक कोष्टीण ओलं सूत दोरीवर टाकत होती. दर खेपेला हात वर केले की तिचं तोंड काळंनिळं व्हायचं आणि ती दोरीला धरून उभी राहायची. आप्पा तापाचा पेशंट सोडून तिच्याकडेच बघत उभे राहिले. शेवटी तिची सासू ओरडली, "काय बगतासा हो डॉक्टर सुनंकडं?" आप्पांचे कान लाल झाले. नंतर ही गोष्ट सांगताना ते म्हणायचे, "शिव्या खाल्ल्या, पर शिकलो."

आप्पा सदलग्याचे. जैन शेतकरी घरातले. नाव देवगोंडा, पण त्या नावानं त्यांना हाक मारणारी एकच व्यक्ती होती, त्यांची आई. आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. अंगानं ठेंगणे आणि रुंद. बोटं मात्र लांब, दुसऱ्याच कुणाची लावल्यासारखी. मुंबईला शिकून आले होते, पण बोलणं सदलग्याचंच राहिलं. प्रेमानं बोलायचे ते मराठीत, चिडायचे ते कानडीत. त्यामुळे ऑपरेशनच्या खोलीत कानडी सुरू झालं की आम्ही सगळ्या नर्सा ताठ व्हायचो. सूर्य बुडल्यावर ते जेवत नसत. संध्याकाळी एखादं ऑपरेशन लांबलं की खिडकीतून उन्हाकडे बघायचे आणि म्हणायचे, "चला, आज अव्वाचा उपास मलाबी घडला."

अव्वा म्हणजे त्यांची आई. मुलगा माणसं कापतो, याची त्या माउलीला आयुष्यभर लाज वाटली. सदलग्यात कुणी विचारलं तर ती सांगायची, देवगोंडा औषध देतो. तो घरी गेला की त्याला अंगणात आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. आणि ताट वाढता वाढता विचारायची, "आज रगत किती सांडलंस?" आप्पा कधी खोटं बोलले नाहीत. "थोडं," म्हणायचे, नाहीतर, "आज लई सांडलं, अव्वा." मग ती भाकरी लांबूनच टाकायची.

मी हे त्यांच्याच तोंडून ऐकलं. सांगताना ते हसायचे, पण मला ते हसणं कधी खरं वाटलं नाही.

मी परगावी नर्सिंग शिकून बेळगावात आले तेव्हा विधवा होऊन बरीच वर्षं झाली होती. आमचा दवाखाना लहान. वर ट्रस्टची मंडळी, त्यांच्या खाली मोठे साहेब, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख, आणि कापाकापीला आप्पा. मी आले त्याच वर्षी बेळगुंदीची तुळसा आली.

तुळसा पस्तिशीच्या आतबाहेरची. भाताची खाचरं आणि रताळ्याचं रान असलेल्या घरातली मोठी सून. तिच्याबरोबर सासरा होता, नवरा होता आणि बैलगाडीत तिला टेकायला आणलेलं गवताचं ओझं होतं. कारण झोपून ती येऊच शकत नव्हती. हात वर करायला लावले तर अर्ध्यातच तिचे डोळे फिरले. सासरा म्हणाला, "आमची तुळसा बांधावर हुबी ऱ्हाऊन हाक मारत हुती, तर पार वड्याच्या पल्याडची माणसं भाकरीला येत हुती. आता चार पावलं चालली की धाप."

तेव्हा आम्ही क्लोरोफॉर्मच द्यायचो. तुळसाला दिला. आप्पांनी गळ्याच्या तळाशी, हार जिथं टेकतो तिथं आडवा छेद घेतला. वरच्या रक्तवाहिन्या बांधल्या आणि बोट हळूहळू हाडामागे घातलं. गाठ वर यायला लागली होती. तेवढ्यात ती बोटावरून निसटली आणि परत खाली गेली. जाता जाता एक शीर फाटली. जखम क्षणात रक्तानं भरली. काही दिसेना. आप्पांनी अंदाजानं चिमटा लावला. एक लागला नाही, दुसरा लावला. रक्त थांबलं. गाठ निघाली. तुळसा जगली.

दुसऱ्या दिवशी ती आडवी झोपली होती. सासऱ्यानं ते दारातून बघितलं आणि ओठ घट्ट मिटून डोळे पुसले. मी तिला विचारलं, "तुळसाबाई, पाणी देऊ?" तिनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. कोरड्या पानांवरून वारा जावा तशी.

आप्पा आले. तिला बोलायला लावलं. परत लावलं. मग त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "सूज आहे. उतरेल." मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते माझ्या डोळ्याला डोळा देईनात.

सूज उतरली. आवाज आला नाही. स्वरयंत्राकडे जाणाऱ्या दोन बारीक नसा गाठीच्या पाठीमागून जातात, सुतासारख्या. अंदाजानं लावलेल्या चिमट्यात त्यातली एक सापडली होती. आप्पांना ते माहीत होतं. मोठ्या साहेबांनाही माहीत होतं. ते म्हणाले, "बाईचा जीव वाचला, आता आवाजाचं काय घेऊन बसलात? घरची माणसं खूश आहेत ना?" घरची माणसं खूश होती. त्यांनी आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं, घरचा तांदूळ आणला. आप्पा पाय मागे घेत राहिले. पण बोलले नाहीत.

भात कापणीला आलं तेव्हा एक दिवस आप्पा मला म्हणाले, "सिस्टरआक्का, बेळगुंदीला जायचंय. तुमी बरोबर चला. बाईमाणसाशी बोलायचंय." टांगा केला. मधेच टांगा थांबवायला सांगितला, खाली उतरले, शेताकडे तोंड करून उभे राहिले आणि परत येऊन बसले. मला वाटलं, आता परत फिरा म्हणतील. म्हणाले नाहीत.

तुळसाच्या दारात आमचं फार कौतुक झालं. घोंगडं पसरलं, गूळपाणी आलं, शेजारची माणसं जमली. तुळसा चौकटीला धरून उभी होती. बारीक झाली होती. आप्पा घोंगड्यावर बसलेच नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "मला एक सांगायचंय. तुळसाबाईंचा आवाज गाठीनं न्हाय गेला. माझ्या हातानं गेला. चिमटा लावताना नस सापडली. चूक माझी हाय."

मग सासरा उठला, आप्पांचा हात धरून म्हणाला, "असं बोलून आमाला लाजवू नगासा डॉक्टरसायेब. तुमी द्येव हाईसा. पोरीचं नशीब तसं, तुमी काय करणार?"

तेवढ्यात तुळसा पुढे आली. तिचं बोलणं ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"मग त्या दिवशी का न्हाय सांगितलंसा?"

ती आणखी एक पाऊल पुढे आली.

"घरात म्हनत्यात, मी देवीला बोललेलं फेडलं न्हाय म्हनून देवीनं वाचा नेली. सासू माझ्या हातचं पानी घेत न्हाय. न्हवरा इचारतो, काय पाप केलंस सांग. मी कुटनं सांगू? आवाज कुटं हाय मला? तुमाला ठावं हुतं. तुमी एवडं दिस गप बसलासा."

नवरा मान खाली घालून अंगठ्यानं जमीन उकरत होता. सासू आत गेली. सासऱ्याच्या हातातून आप्पांचा हात केव्हा सुटला ते त्यालाही कळलं नाही. आप्पा म्हणाले, "लाज वाटली. म्हणून गप बसलो." तुळसानं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि आत निघून गेली.

त्या घरात पुढे काय झालं, ते मला थोडंच कळलं. सासूनं पाणी घ्यायला सुरुवात केली, एवढं समजलं. आप्पा मात्र दर सुगीला बेळगुंदीला जायचे. परत आले की मी विचारायची, "काय म्हणाली तुळसाबाई?"

"पाणी दिलं."

"बोलली नाही?"

"न्हाय. आणि तिनं का बोलावं?"

ती त्यांच्याशी पुन्हा कधीच बोलली नाही. तिनं माफ करावं असं आप्पांनीही कधी म्हटलं नाही. पण जायचं चुकवलं नाही.

बेळगुंदीहून आल्यावर त्यांनी एक नवीनच उद्योग सुरू केला. एक अरुंद गळ्याचा तांब्या आणला. उकडलेलं रताळं मलमलीत गुंडाळून त्यात बसवायचं, मलमलीच्या पाठीमागं खळीनं एक रेशमाचा धागा चिकटवायचा आणि एका बोटानं ते रताळं बाहेर काढायचं. धागा म्हणजे नस, तो तुटता कामा नये. रताळं फुटलं तर चालेल. उलट ते म्हणायचे, "अडलं तर आतल्या आत फोडायचं, वरचं कवच तसंच ठेवायचं, आतला गर काढला की पिशवी आपोआप वर येते." ते खुर्चीत बसून, तांब्या गुडघ्यात धरून, डोळे मिटून बोट फिरवत असायचे. बाहेर पेशंट ताटकळायचे. नर्सा तोंडाला पदर लावून हसायच्या. अव्वाला कुणीतरी हे सांगितलं, तेव्हा म्हणे ती म्हणाली, "रताळं काप म्हणावं जन्मभर. रगत तरी येत न्हाय."

शेवटची वाट होती, छातीचं हाडच फोडून आत जायची. त्यासाठी छिन्नी लागते. प्रत्येक गळ्याच्या ऑपरेशनला ती उकळून ठेवावी लागे. आप्पा म्हणायचे, "ठेवा, पण झाकून ठेवा. दिसली की हात घाई करतो."

आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सुरू केली. छातीत उतरलेल्या गाठीचा पेशंट आला की ते समोर बसून सांगायचे, "माझ्या हातानं एका बाईचा आवाज गेलाय. तुमचाबी जाऊ शकतो. हे ऐका आणि मगच हो म्हणा."

मोठे साहेब संतापले. "दवाखाना चालवायचा आहे की बंद करायचा आहे?" ट्रस्टींपैकी एकानं आप्पांना बोलावून समज दिली. आप्पांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या पेशंटला पुन्हा तेच सांगितलं. मला त्या वेळी त्यांचा केवढा अभिमान वाटायचा!

मग निपाणीचे पद्माण्णा आले. तंबाखूच्या सौद्यात बोली पुकारणारे. उंच, गोरे, गळ्याला रेशमी रुमाल. त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी बहीण होती, शांताक्का. हात वर करायला सांगितले आणि भिंतीपाशीच पद्माण्णांचा रंग असा काही बदलला की आप्पांनी धावत जाऊन त्यांना धरलं. छातीतली गाठ मोठी होती. मग आप्पा नेहमीसारखे समोर बसले आणि नेहमीचं बोलले. तुळसाचं सगळं सांगितलं. तिची हाक ओढ्यापलीकडे जायची, तेही सांगितलं. बोलताना त्यांचा स्वतःचाच आवाज कापत होता.

पद्माण्णांनी रुमाल नीट केला. म्हणाले, "डॉक्टर, माझं पोट बोलीवर हाय." आणि उठले. शांताक्का त्यांच्या मागोमाग "अण्णा, अण्णा" करत गेली. दारातून तिनं एकदा मागं वळून बघितलं. पद्माण्णा परत आले नाहीत. पुढच्या थंडीत निपाणीहून आलेल्या एका पेशंटकडून कळलं, ते वारले. गुदमरून.

त्या दिवशी दुपारी आप्पा जेवले नाहीत. खोलीत बसून होते. मी चहा घेऊन गेले. माझ्या मनात बरेच दिवस घोळत होतं ते त्या वेळी तोंडातून निघालंच. "आप्पा, हे तुम्ही पेशंटसाठी सांगता की स्वतःसाठी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता कानडी सुरू होणार. पण ते मराठीतच म्हणाले, "म्हाईत न्हाय, सिस्टरआक्का. खरंच म्हाईत न्हाय."

त्यानंतर त्यांनी सांगणं सोडलं नाही, पण त्यात पहिला जोर राहिला नाही. गळ्याचे पेशंट ते मिरजेच्या मोठ्या दवाखान्याकडे पाठवून द्यायला लागले. "तिकडं चांगले हात हाईत," म्हणायचे. जाणारे जायचे, न जाणारे घरी जायचे. घरी जाणाऱ्यांचं काय होत होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

असं चाललेलं असताना एक दिवस शांताक्का आली. एकटीच. पांढरा पदर गळ्याभोवती दोनदा गुंडाळलेला. आप्पांनी तिला ओळखलं आणि उभेच राहिले. तिनं पदर सोडला. गळ्याच्या तळाशी लहानशी सूज होती. मग ती स्वतःच भिंतीला टेकली आणि तिनं हात वर केले. सांगावं लागलं नाही. तिचं तोंड काळवंडलं.

"मिरजेला..." आप्पा सुरू झाले.

"मिरजेला न्हाय. माझा अण्णा तुमचं ऐकून पळाला. मला बी तेच सांगा. मी पळणार न्हाय."

आप्पांनी तिला त्याच आठवड्यात दाखल केलं. या वेळी क्लोरोफॉर्म द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. सुईनं मान बधिर करायची, पेशंटला अर्धवट बसतं ठेवायचं आणि तिला सारखं बोलायला लावायचं. ती बोलतेय तोवर नस शाबूत. आवाज बदलला की हात थांबवायचा. असं परदेशात करतात, हे त्यांनी वाचलं होतं. आमच्याकडे कुणी केलं नव्हतं.

अडचण निघाली ती वेगळीच. त्या दिवशी तेवढं बोलली, पण शांताक्का एरवी पुरुषांसमोर बोलणारी बाई नव्हती. गळा उघडा टाकून परक्या माणसांसमोर पडायचं म्हणूनच ती अर्धी मेली होती. मी तिच्या डोक्याशी बसले, हात हातात घेतला. तिच्या हनुवटीपाशी कापडाचा पडदा धरला होता, म्हणजे तिला आप्पा दिसत नव्हते, आप्पांना तिचे डोळे दिसत नव्हते. मॉर्फियाचं इंजेक्शन दिलेलं होतं. छेद झाला. पडद्याआडून आप्पांचा आवाज आला, "माताड्री, शांताक्का, माताड्री. काय बी बोला. पण थांबू नका."

ती गप्प. मी म्हटलं, "घरचं सांगा. स्वयंपाकाचं सांगा." तिनं सांगितलं, वांगी भरताना तीळ किती घालायचे. मग कुणाच्या लग्नाचं काहीतरी. मग थांबली. "माताड्री!" आप्पा जवळजवळ ओरडले. त्यांचं बोट तेव्हा हाडामागं गेलं होतं.

मॉर्फियानं असेल किंवा दुसरं काही आठवेना म्हणून असेल, शांताक्का बोलायला लागली ती तिच्या अण्णाचं.

"अण्णा खिडकीपाशी बसायचा. पोटाशी उशी धरून. मी म्हटलं, चल अण्णा, बेळगावला परत जाऊ. त्यो म्हणायचा, मुका होऊन जगू व्हय? डॉक्टर सोताच म्हणाला आवाज जातोय. मग त्यो सौद्याला जायचा बंद झाला. चार शब्द बोलला की धाप. मग दोन शब्द. मग तेबी न्हाय. आवाज गेलाच बगा त्याचा, ऑपरेशन न करताच गेला. हातानं खुणा करून पाणी मागत हुता."

मी पडद्यावरून बघितलं. आप्पांचं कपाळ घामानं भिजलं होतं. मी तिला थांबवू का, असं डोळ्यांनीच विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. थांबवता येत नव्हतं. तिचा आवाज हीच त्यांची वाट होती.

"घरात सगळी म्हणत्यात, डॉक्टरनं भ्या घातलं म्हणून अण्णा मेला. मी तसं न्हाय म्हणत. खरं बोलला, ते बरं क्येलं. पर डॉक्टर, तुमी निम्मंच सांगितलंसा. तुमच्या हातानं काय झालं ते रंगवून सांगितलंसा. न्हाय कापलं तर काय हुईल, ते तेवढंच का न्हाय सांगितलंसा? माझ्या अण्णाला वाटलं, घरी गेलं की आवाज ऱ्हातोय आणि अण..."

'आणि'चा शेवट फाटला. तिचा आवाज एकदम घोगरा झाला, खोल गेल्यासारखा.

आप्पांचा हात जागच्या जागी थिजला. त्यांनी अगदी हळू चिमटा सैल केला, काढला, बोट थोडं पुढं सरकवलं. "माताड्री," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज बारीक होता. "काय म्हणत हुतासा? घरी गेलं की आवाज ऱ्हातोय, आणि?"

"आणि..." घोगरं. मग पुन्हा, "आणि..." आणि मग तिचा नेहमीचा आवाज आला, "आणि जीवबी ऱ्हातोय, असं वाटलं त्याला."

गाठ अडली होती. आप्पांनी ती आतल्या आत फोडली, गर काढला, आणि रिकामी होत आलेली पिशवी हळूहळू हाडामागून वर येऊ लागली. छिन्नी झाकलेलीच राहिली. शांताक्का अण्णाच्या तेराव्यापर्यंत पोचली होती तेव्हा शेवटचा टाका पडला. तिनं एकदम मोठा श्वास घेतला, मग आणखी एक, आणि बोलणं विसरून नुसता श्वासच घेत राहिली.

आप्पा हात धुवायला गेले ते किती तरी वेळ आलेच नाहीत. मी गेले तर नळ चालू होता आणि ते हात पाण्याखाली धरून उभे होते. मी म्हटलं, "आप्पा, आवाज चांगला आहे तिचा."

"ऐकला की," ते म्हणाले. "सगळा ऐकला." आणि थोड्या वेळानं, "पयल्यांदा लाज वाटली म्हणून गप बसलो. मग लाज वाटली म्हणून बोलत सुटलो. दोन्ही खेपेला माझीच लाज, सिस्टरआक्का. समोरचा माणूस कुटं होता त्यात?"

त्या दिवसापासून त्यांचं सांगणं बदललं. ते पेशंटच्या शेजारी बसायचे, घरच्या माणसांना बोलवायचे. आधी त्याला विचारायचे, झोप कशी लागते, काय काम करता, कशाची भीती वाटते. मग ऑपरेशन केलं तर काय काय होऊ शकतं आणि नाही केलं तर काय होणारच, हे दोन्ही सारख्याच आवाजात सांगायचे. तुळसाचं नाव घ्यायचे नाहीत. "माझ्या हातून चूक झालेली आहे," एवढं एकच वाक्य असायचं. बरेच लोक थांबायला लागले. मोठे साहेब ट्रस्टींना आप्पांचं कौतुक सांगायला लागले. बेळगावातल्या मंडळींनी एकदा त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. त्या दिवशी आप्पा सकाळीच सदलग्याला निघून गेले आणि आम्ही तयार करून ठेवलेले हार वॉर्डातल्या पेशंटच्या खाटांना बांधले.

अव्वा गेल्यावर त्यांनी दवाखाना सोडला. बोटांना कंप सुटायला लागलाय, असं स्वतःच मोठ्या साहेबांना सांगितलं. मला तरी तो कंप कधी दिसला नव्हता. पण ते म्हणाले, "दिसेपर्यंत थांबू व्हय?"

त्यांना मी शेवटचं बघितलं ते स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. मी कोल्हापूरला बहिणीकडे निघाले होते आणि ते सदलग्याला, त्यामुळे निपाणीपर्यंत एकाच सर्व्हिस मोटारीत होतो. निपाणीत गाडी पाणी भरायला थांबली. आम्ही चहाला उतरलो. समोर तंबाखूची वखार, बाहेर पोत्यांच्या थप्प्या. तिथून एका बाईचा खणखणीत आवाज येत होता. ती एका हमालाला झाडत होती, पोती उन्हात का टाकली म्हणून. हमाल काहीतरी पुटपुटला, तशी ती आणखी चढली. बाजारातली माणसं वळून बघायला लागली.

मी मान वर करून बघितलं. पांढरा पदर, मोकळा गळा, तळाशी एक आडवी बारीक रेघ. "आप्पा, शांताक्का! चला, भेटू या."

"नको," आप्पा म्हणाले.

"अहो, किती आनंद होईल तिला!"

"मला बगितलं की तिला अण्णा आठवंल. बोलू दे तिला."

ते पोत्यांच्या थप्पीच्या आडोशाला जाऊन उभे राहिले, तिला दिसणार नाहीत असे. हातातला चहा तसाच. ती हमालाला सोडून आता गाडीवाल्यावर घसरली होती. मराठीतून कानडीत गेली, कानडीतून मराठीत आली. आप्पा मान तिरकी करून ऐकत होते. सदलग्याकडची गाडी लागली, कंडक्टरनं हाका मारल्या. मी त्यांना सांगायला गेले. त्यांनी हातानंच मला थांबवलं.

माझी गाडी सुटली. मी मागच्या खिडकीतून बघितलं. ते अजून तिथंच उभे होते, त्यांची गाडी निघून चालली होती आणि वखारीतून शांताक्का कुणाला तरी विचारत होती, एवढं ओरडते आहे मी, ऐकू येत नाही का म्हणून.